रेतीटोल्याची डोंगेवाली

नदी ओलांडायला तिच्या डोंग्यात बसायचं तर आधी खबर द्यावी लागे. पैसा नको, धान नको, फक्त खबर. टोल्यातल्या, म्हणजे तिच्या वस्तीतल्या, माणसांना माफी होती. पण परक्या माणसानं काठावरून हाक मारली, की ती डोंगा काठापासून हातभर अलीकडे थांबवायची, बांबू वाळूत रोवायची आणि विचारायची, "खबर काय आनली?"

खबर खरी पाहिजे, ताजी पाहिजे आणि आधी कोणी दिलेली नको. एकदा मोहफुलांचा एक ठेकेदार घाईत आला आणि म्हणाला, "तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली." ही शांतपणे म्हणाली, "ते तं सोमवारीच कासारानं देल्ली. दुसरी काढ." बिचाऱ्याकडे दुसरी नव्हती. शेवटी सकाळी बायकोशी भांडून निघालोय, एवढी खबर देऊन तो आत चढला. मधल्या धारेपर्यंत तिनं त्याच्याकडून भांडणाचं कारण काढलं आणि काठ लागेपर्यंत चूक कोणाची होती हेही कबूल करून घेतलं. परतीच्या फेरीत त्या माणसानं बायकोसाठी बांगड्या घेतल्या होत्या. तीच त्याची दुसरी खबर.

मी पहिल्यांदा त्या काठावर उभा राहिलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर टोपी. मी म्हणालो, "मी रेतीटोल्याचा नवा मास्तर."

"ते मले मालूम हाये. दुसरी सांगा."

मी बराच विचार केला. मग खरं तेच सांगितलं, "मला पोहता येत नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डोंगा काठाला लावला. "हे बरी खबर हाये. बसा, गुर्जी. मंधात बसा, अना हालू नोका."

ती वैनगंगा. तिरोड्याच्या बाजूला एका ठिकाणी तिच्या दोन धारा होतात, आणि पुढे अर्ध्या कोसावर त्या पुन्हा एक होतात. त्या दोन धारांच्या मधे रेतीटोला. बावीस घरं, त्यातली बहुतेक मासे धरणाऱ्या ढिवरांची, चार गोंडांची. मधल्या उंचवट्यावर मोहाची झाडं आणि थोडी धानाची बांधी, कडेच्या रेतीत हिवाळ्यात लावलेली डांगरं. बाकी सगळं पाणी. पावसाळ्याचे चार महिने दोन्ही धारा अशा फुगत, की समोरच्या काठावरचं माणूस बोटाएवढं दिसे. दवाखाना आठ कोसांवर, टपाल आठवड्यातून एकदा, तेही पलीकडच्या कोतवालाच्या मर्जीनं. रेतीटोल्यात मुलगी द्यायला कोणी तयार नसे. "रेतीवर लेक देनं म्हंजे पान्यात सोडनं," असं आसपासची गावं म्हणत. त्यामुळे तरुण पोरं तुमसरकडे खाणींवर जात, गोंदियाला विड्या वळायला जात, आणि एकदा गेलेली परत येत ती पाहुण्यासारखी. दर वर्षी एखाद्या घराचं दार कायमचं बंद होई.

अशा टोल्याला शाळा मिळाली कशी, याची गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात पाच जणांनी पाच वेळा सांगितली. पाचही वेळा ती तशीच होती, म्हणून मी खरी मानली. कोणी एक गोरा साहेब दौऱ्यावर होता. त्याला बदकं मारायची होती, आणि त्यासाठी तो आपल्या कारकुनासकट तिच्या डोंग्यात बसला. मधल्या धारेत तिनं डोंगा थांबवला आणि खबर मागितली. कारकून घाबरून म्हणाला, "बाई, साहेबांजवळ खबर नसते, हुकूम असतो."

"मंग हुकूम द्या."

साहेबानं विचारलं, कसला हुकूम? कारकुनानं तिला विचारलं. ती म्हणाली, "शारेचा. आमच्या टोल्यातले पोट्टे मासोऱ्या मोजतात तं वीसवर थांबतात. हातापायाची बोटं तेवढीच हायेत. वीसच्या समोरच्या मासोऱ्या व्यापारी नेते."

साहेब हसला म्हणतात. बदकं मिळाली की नाही ते कोणालाच माहीत नाही, पण चार महिन्यांनी हुकूम आला. पटावर वीस नावं असतील तोवर शाळा.

मी तिच्याच घरी राहत होतो. घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, माझी खाट, माझी पेटी आणि एक कंदील. तिचं वय साठीच्या आसपास असावं. अंग काडीसारखं, दंडापर्यंत गोंदण, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, गालात तंबाखू. सारा टोला तिला बुढीमाय म्हणायचा. तिला मूलबाळ नव्हतं, पण कोंबड्या सात होत्या आणि त्यांना तिनं सरकारी हुद्द्यांची नावं दिली होती. सकाळी मी दात घासत असताना आतून आवाज यायचा, "तहसीलदारनं अजून अंडं नाई देल्लं. नाझर मात्र रोज देते, गरीब हाये." मी विचारलं, ही नावं का? ती म्हणाली, "आंगनात येतात, दाने खातात, कल्ला करतात, अना एखाद्या दिवशी अंडं देतात. मंग दुसरं काय नाव ठेवाचं?"

जेवण म्हणजे सकाळी भात आणि मासोळी, संध्याकाळी मासोळी आणि भात. मी बदल मागितला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मासोळी आणि भात मिळे. मी टोल्यात पोचलो त्या शनिवारीच बदलीचा अर्ज लिहिला आणि दर तीन महिन्यांनी नवा लिहू लागलो. ते अर्ज पलीकडे न्यायचे तिनंच. ती ते लपवायची नाही, विसरायची नाही, काही म्हणायचीही नाही. फक्त अर्ज हातात घेताना विचारायची, "वजन वाढलं का गुर्जी ह्या टायमाले?" म्हणजे मागच्यापेक्षा जास्त कारणं लिहिली का.

तिची एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस लक्षातच आली नाही. दिवसातून दहा वेळा ती डोंगा पलीकडच्या काठाला लावायची, पण तिचा पाय कधी त्या काठावर पडत नसे. माल उतरवायचा असला तर डोंग्यातूनच हात लांब करायची. मीठ-तेल दुसऱ्याकडून आणवायची. मी एकदा सहज म्हणालो, "उतरा की जरा, पाय मोकळे करा." तिनं नुसतं पाण्यात थुंकून बांबू टेकला.

खरं काय ते मला शेजारच्या गोंड म्हाताऱ्यानं सांगितलं. पलीकडचं ते गाव तिचं माहेर. पंचवीसेक वर्षांपूर्वी मोठा पूर आला तेव्हा टोल्यातली सगळी माणसं गुराढोरांसकट त्या काठाला लागली. त्याच दिवसांत भोवती पटकीची साथ होती. गावानं ठरवलं, टापूवाल्यांना, बेटावरच्या माणसांना, आत घ्यायचं नाही. आणि वेशीवर काठी घेऊन उभा होता तो तिचा सख्खा भाऊ. चार दिवस ही माणसं आंब्यांखाली पावसात बसून राहिली. तिच्या नवऱ्याला तिथं ताप भरला. पाणी उतरल्यावर तो टोल्यात परत आला खरा, पण महिन्याच्या आत गेला. डोंगा त्याचा होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं बांबू हातात घेतला. ढिवरांत बाईनं डोंगा चालवणं तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं. लोक म्हणाले, हे चालायचं नाही. ते चाललं. पण त्या काठावर तिनं पाऊल ठेवलं नाही.

दुसऱ्या वर्षी पोळ्यानंतर दोन घरं गोंदियाला निघून गेली आणि त्यांच्याबरोबर पटावरची सहा मुलं गेली. विसाची झाली चौदा. मी तिला सांगितलं, "आता शाळा राहत नाही."

ती म्हणाली, "काऊन नाई राहत?"

"सहा नावं कमी आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मांडवात ती पाच म्हाताऱ्यांना घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली. "लिवा आमचे नावं. वयाचं काई लिवलं हाये का कागदावर?" मी कागद पाहिला. वयाचं खरंच काही लिहिलेलं नव्हतं. मी नावं लिहिली.

पाच म्हातारे गुणी होते. ते येत, बसत आणि झोपत. ती मात्र शिकायला लागली, आणि त्यामुळे माझे हाल सुरू झाले. अनेक अक्षरं तिनं पटकन उचलली. पण 'ण' आला तसं तिनं पाटी खाली ठेवली.

"हे कायले?"

"पाणी लिहायला."

"पानी. नदीच्या मंधात जनम गेला माहा, अना पान्याले काय म्हंतात ते तुमी मले सांगता?"

'ण' तसाच राहिला. मग 'ळ' आला. झाडीत, म्हणजे वैनगंगेच्या त्या मुलखात, ळ कोणी म्हणत नाही. तिथं काळा म्हणजे कारा, डोळा म्हणजे डोरा. मी तिला समजावलं, की गोळा वेगळा आणि गोरा वेगळा, दोन्हीला 'र' लिहून कसं चालेल?

"भाताचा गोरा खाल्ला तं पोट भरते न?"

"भरतं."

"मंग? हे अक्षर आमच्या टोल्यात लागत नाई, गुर्जी. ज्याइले लागते त्याइच्याकडे ठेवा." आणि तिनं ओल्या बोटानं तो ळ पाटीवरून असा पुसला, जसा कोणी दारातला आगंतुक कुत्रा हाकलतो. मागच्या रांगेतली चौदा पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवसानंतर त्यांनाही ळ शिकवणं मला फार जड गेलं.

पौष महिन्यात शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. माणूस मराठी, पोट सुटलेला, वागायला सौम्य. त्यांनी काठावर काय खबर दिली ते मला कळलं नाही, पण डोंग्यातून उतरताना त्यांचा चेहरा पडलेला होता आणि तिचा समाधानी. त्यांनी पट पाहिला, मग मांडवात पाहिलं, मग पुन्हा पट पाहिला.

"हे विद्यार्थी?"

मी म्हणालो, "हो साहेब."

त्यांनी एक पाटी घेतली, त्यावर ठळक अक्षरांत 'शाळा' लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. "वाचा, बाई."

तिनं पाटी डोळ्यांपासून लांब नेली, जवळ आणली आणि खणखणीत वाचलं, "शारा."

"चूक."

"सायेब, तुमी लिवलं तुमच्या बोलीत. मी वाचलं माह्या बोलीत. दोघंई बरोबर."

डिप्टी साहेबांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं. पण नियम नियमच होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हातारी मोठी हुशार आहे. पण मी पटावर आजी-आजोबा दाखवले तर वर माझी नोकरी जाईल. एक महिना देतो. वीस मुलं दाखवा, नाहीतर शाळा बंद आणि तुम्ही दुसरीकडे."

ती आमच्या मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं. का ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो. तिनं माझ्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला आणि समोर बसली.

"गुर्जी, तुमाले खुशी होऊन राहिली. मले दिसते."

घास तोंडात फिरत राहिला.

"होऊ द्या. मानूस हाये, होते. पन उद्या सकारी हजेरीची वही घेऊन माह्यासंगं पलीकडे या."

सकाळी धुकं होतं. तिनं डोंगा काठाला लावला, मी उतरलो. ती डोंग्यातच उभी राहिली. बांबू दोन्ही हातांनी धरून तिनं त्या काठाकडे इतका वेळ पाहिलं, की मला थंडी वाजायला लागली. मग तिनं तोंडातली तंबाखू पाण्यात टाकली, चूळ भरली आणि पाऊल वाळूवर ठेवलं. मग दुसरं. काही झालं नाही. मला उगाच वाटत होतं, काहीतरी होईल.

गावात शिरताना बायका दारात येऊन पाहत होत्या. ती कोणाकडे न पाहता थेट एका घरापुढे थांबली. सपरीत एक म्हातारा अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्याच्या डोळ्यांत फूल पडलेलं होतं.

"कोन हाये?" त्यानं विचारलं.

"टापूवाली."

दोर वळणारे हात थांबले. मी वही छातीशी धरून उभा होतो आणि आपण तिथं नसतो तर बरं, असं मला वाटत होतं.

"बस," तो म्हणाला.

"बसाले नाई आलो. पोट्टे मांगाले आलो." झाडीत बायकाही असंच बोलतात, आलो, गेलो. "तुह्या गावात शारा नाई. माह्या टापूवर शारा हाये, मास्तर हाये. नागपूरचा हाये. पोट्टे कमी हायेत."

"पान्यातून पोट्टे कोन धाडन?"

"डोंगा माहा हाये. एक मानूस बुडाला नाई माह्या हातून."

म्हाताऱ्यानं दोर बाजूला ठेवला. "मी तुमाले वेशीवर थांबवलं होतं," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "अना तू माह्याच दारात आली."

"तुनं थांबवलं. मी नाई थांबवत. धाड."

तो उठला. हातानं भिंत चाचपत आत गेला आणि सात वर्षांच्या नातीला हाताला धरून बाहेर घेऊन आला. मला म्हणाला, "लिवा मास्तर, हिचं नाव लिवा."

त्या दिवशी तेवढं एकच नाव मिळालं. बाकीची घरं म्हणाली, पाहू, विचार करू, पाणी आहे, पोरं लहान आहेत. परत येताना मी तिला म्हणालो, एकानं काय होणार? तिनं बांबू टेकून डोंगा लोटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर पाहतो तर नातीबरोबर तो म्हातारा स्वतः उभा. "पोट्टी बुडाली तं मीई बुडीन," असं गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलून तो डोंग्यात बसला. रोज सकाळी येताना बसायचा, रोज दुपारी जाताना बसायचा. तो गावातला सगळ्यात भित्रा आणि सगळ्यात हट्टी माणूस होता म्हणे. तो जातोय म्हटल्यावर दुसऱ्या आठवड्यात तीन पोरं आली, मग आणखी दोन, मग एकदम तीन.

भाऊ असला तरी तो परका माणूस, म्हणून ती त्याच्याकडूनही भाडं घ्यायची. रोज एक खबर. तोही द्यायचा. पण त्याच्याकडच्या खबरा ताज्या नव्हत्या, पंचवीस वर्षांच्या होत्या. अमक्याचं लग्न झालं, तमका गेला, विहिरीजवळचा आंबा पडला. नियम मोडून ती त्या घेत होती. एका सकाळी मी डोंग्यात होतो तेव्हा त्यानं आईची खबर दिली. आई जाताना हिचं नाव घेत होती, एवढंच. तिचा बांबू पाण्यातच थांबला, डोंगा धारेबरोबर बराच खाली वाहत गेला, आणि तो परत वर आणायला आम्हाला खूप वेळ लागला.

महिन्यानं डिप्टी साहेब आले तेव्हा मांडवात तेवीस मुलं होती. त्यांनी दोनदा मोजली. मग विचारलं, "आणि ती विद्यार्थिनी?"

ती मांडवाबाहेर जाळं दुरुस्त करत बसली होती. तिथूनच म्हणाली, "माहं नाव काटा आता, गुर्जी. अना त्या पाचजनाइचेबी. जागा पोट्ट्याइले पायजे." मी तिच्यासमोर सहाही नावांवर रेघ ओढली. पण पुढे कितीतरी दिवस ती बाहेर बसून पाढे म्हणायची, पोरांपेक्षा मोठ्यानं, आणि वीसच्या पुढचे मुद्दाम दोनदा.

बदलीचा हुकूम त्याच महिन्यात आला. गोंदियाजवळ, रेल्वेच्या सोयीची जागा. मी उत्तर लिहिलं, की सध्या इथंच राहू द्यावं. यात मोठेपणा काही नव्हता. मला मासोळी आवडायला लागली होती आणि तेवीस पोरं एकदम सोडून जायला लाज वाटत होती. तो कागद तिच्या हातात दिला तेव्हा तिनं तो तळव्यावर तोलून पाहिला. म्हणाली, "हलका हाये."

त्यानंतर मी तिथं आणखी चार वर्षं होतो. जाताना लग्न ठरलेलं होतं आणि वडील आजारी होते, म्हणून गेलो. तिनं मला काठावर सोडलं आणि दुसऱ्या कोणाला तरी खबर विचारायला वळली. तिला निरोप देता येत नसे.

पुढे कितीतरी वर्षांनी गोंदियाच्या फलाटावर एका बाईनं मला हाक मारली, "गुर्जी!" पांढरं लुगडं, हातात पुस्तकांची पिशवी. ती भावाची नात होती. पटावर पहिलं लिहिलेलं पलीकडचं नाव. आता मुलींच्या शाळेत शिकवत होती. आम्ही गाडीची वाट पाहत बाकावर बसलो. मी बुढीमायबद्दल विचारलं.

"गेली गुर्जी, तीन वर्सं झाली. चैत्रात गेली. आजारी नव्हती. दुपारी जेवली अना निजली."

चैत्रात वैनगंगा फार बारीक होते. धारा गुडघाभर, मधे नुसती तापलेली रेती. डोंगा कोणी काढलाच नाही, ती म्हणाली. पलीकडचं सगळं गाव पायी निघालं. बायकांनी लुगडी खोचली, पोरं कडेवर घेतली, म्हाताऱ्यांना हाताला धरलं आणि सगळे पाण्यातून चालत टोल्यात आले. तिच्या आजोबांना तेव्हा अजिबात दिसत नव्हतं, पण ते सगळ्यांच्या पुढे होते.

"मातीला किती माणसं होती?" मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. गाडीची घंटा झाली होती, लोक पेट्या उचलायला लागले होते.

"मोजली नाई, गुर्जी," ती म्हणाली. "पन नदीत मानसं एवढी होती, का पानी दिसत नव्हतं."